तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यांखालचं काळं

आयब्रो करून झाल्या की मी हातात आरसा देते. भुवया पाहून होतात, मान इकडे-तिकडे वळते आणि मग बोट डोळ्याखाली येतं. "ताई, हे काळं कशानं जाईल?" बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या पार्लरमध्ये हा प्रश्न मराठीत येतो, गुजरातीत येतो. लग्न ठरलेली मुलगी विचारते, तिच्या आधी तिची आई विचारते, आणि हल्ली कॉलेजातली मुलंही विचारतात. बहुतेकांना एका क्रीमचं नाव हवं असतं. ते मी सांगत नाही, म्हणून नीट उत्तर देणं माझ्याकडे लागतं.

डोळ्यांखालचं काळं ही एकच गोष्ट नाही. वेगवेगळ्या कारणांनी तिथे काळं दिसतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, कधी कधी उलटतोसुद्धा. जावेला बदामाच्या तेलानं फरक पडला म्हणून तुम्हालाही पडेल असं नाही. बायकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाताना मी पाहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तेव्हा आधी आपलं काळं कुठलं ते ओळखा. काजळ पूर्ण काढा, तोंड धुवा आणि दिवसाउजेडी खिडकीकडे तोंड करून आरसा धरा. ट्यूबलाइटखाली पाहू नका, वरून पडणारा उजेड कुणाच्याही डोळ्यांखाली सावली पाडतो. रंग तपकिरी असेल आणि वरच्या पापणीवरही थोडा दिसत असेल, तर ते कातडीतलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन. रंग निळसर-जांभळा असेल, तर खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. आता हनुवटी वर करून चेहरा उजेडाकडे न्या. काळं बरंचसं नाहीसं झालं तर तो रंग नव्हेच, ती खोलगट भागाची किंवा फुगवट्याची सावली आहे. शंका उरली तर गालावर बोट ठेवून कातडी अलगद खाली ताणा. तपकिरी रंग तसाच राहतो, निळा जास्त उठून दिसतो, सावली पुसट होते. पुष्कळांच्या चेहऱ्यावर दोन प्रकार एकत्र असतात, पण त्यातला जोर कशाचा आहे ते एवढ्यानं कळतं.

तपकिरी असेल तर माहेरचे जुने फोटो काढून बघा. आजी, आत्या, मामा, कुणाच्या तरी डोळ्यांभोवती तोच रंग सापडेल. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत हा रंग घराण्यातून येतो आणि पुष्कळदा शाळा-कॉलेजच्या वयातच दिसू लागतो. तो फिका करता येतो, पुसून टाकता येत नाही. हे मी मुलीच्या आईला मुलीसमोरच सांगते, कारण "लग्नाआधी एवढं घालवून द्या" हे वाक्य त्या मुलीनं आधीच खूपदा ऐकलेलं असतं. आजीकडून नाक घ्यावं तसा हा रंगही घेतलेला आहे. त्यासाठी तिनं मान खाली घालायचं काही कारण नाही, आणि कुणी तिला तशी घालायला लावू नये.

यापुढचं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यात पहिलं म्हणजे डोळे चोळणं. माझ्याकडे थांबलेल्या बायकांमध्ये कोण डोळे चोळतं ते मला खुर्चीत बसवण्याआधीच कळतं. सकाळी उठल्याबरोबर पाच-सहा शिंका, नाक चोंदलेलं, डोळ्यांच्या कोपऱ्यात खाज, ही ॲलर्जीची लक्षणं. नाक आतून सुजलं की डोळ्यांखालच्या शिरांमधलं रक्त पुढे सरकायला वेळ लागतो, शिरा फुगतात आणि तिथे निळसर छटा येते. त्यात खाजेपायी मनगटानं डोळे चोळले की कातडी आपल्या बचावासाठी आणखी रंग तयार करते. म्हणजे निळ्यावर तपकिरी चढतं. लहान मुलांमध्ये तर हे सर्रास दिसतं. आई म्हणते रात्री मोबाइल बघतो म्हणून झालंय, आणि पोर तिच्याशेजारी बसून तळहातानं नाक वर घासत असतं. अशा मुलाला डोळ्यांचं क्रीम नको, नाकाचा इलाज हवा. डॉक्टर ॲलर्जीची गोळी किंवा नाकातला स्प्रे देतात. घरी उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यातून काढा, झाडताना धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. खाज सुटली की गार पाण्यात पिळलेला रुमाल डोळ्यांवर ठेवा. महागड्या फेशियलपेक्षा एवढ्यानं उजळलेले चेहरे मी जास्त पाहिले आहेत. धीर मात्र हवा, चढलेला रंग उतरायला महिने लागतात.

चोळण्याचाच दुसरा प्रकार म्हणजे रात्री काजळ काढणं. साबणानं खसाखसा घासू नका. कापसावर खोबरेल तेल किंवा क्लीन्झर घ्या, मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ नुसता टेकवून ठेवा आणि मग एकाच दिशेनं पुसा. सुट्या डबीतला सुरमा वापरूच नका, अशा सुरम्यांमध्ये शिसं सापडलेलं आहे.

आता एक गोष्ट, जी ऐकून बायकांना नवल वाटतं. पापणीची ॲलर्जी कित्येकदा पापणीला लावलेल्या वस्तूची नसतेच. ती नेलपॉलिशची असते. नखांभोवतीच्या जाड कातडीला काही होत नाही, पण तीच बोटं दिवसभर डोळ्यांना लागत राहतात आणि पातळ कातडी खाजते, खरखरीत होते, काळवंडते. केसांच्या काळ्या डायचंही तसंच. त्यातलं पीपीडी नावाचं रसायन काहींना सोसत नाही आणि त्रास कपाळ-पापण्यांवर निघतो. डाय लावल्यावर दोन दिवसांत डोळे सुजले किंवा खाजले असतील, तर तो डाय पुन्हा लावू नका, कंपनी बदलूनही लावू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. स्वतःचं नुकसान होत असलं तरी हे मी गिऱ्हाइकाला सांगते.

निळसर रंगवाल्यांना मी आणखी एक विचारते: जिना चढताना धाप लागते का, पाळीला जास्त जातं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गुजरातचा आकडा त्याहून मोठा, ६५ टक्के. हा आकडा मला माझ्या खुर्चीत रोज बसलेला दिसतो. कातडी फिकट पडली की खालच्या शिरा उठून दिसतात, आणि तिच्यावर कन्सीलरचे, म्हणजे काळं झाकणाऱ्या मेकअपचे, थर चढवत राहणं मला पटत नाही. हिमोग्लोबिनची तपासणी स्वस्त आहे, सयाजी हॉस्पिटलसारख्या सरकारी दवाखान्यात होते. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या घ्या आणि आकडा सुधारला म्हणून लगेच बंद करू नका. अंगातला साठा भरायला पुढेही काही महिने त्या घ्याव्या लागतात. पाळी जास्त जात असेल तर तिचा इलाज आधी, नाहीतर वरून भरायचं आणि खालून गळायचं असं चालू राहतं. आपल्याकडे पोळी-भाजी किंवा ठेपल्याबरोबरच चहाचा कप लागतो. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, तो तासभर मागे-पुढे करा. लिंबू मात्र जेवणात हवं. वरण-भातावर, उसळीवर पिळलं तर लोह चांगलं लागू पडतं.

तेच लिंबू डोळ्यांखाली अजिबात लावू नका. त्यातलं आम्ल पातळ कातडी भाजतं आणि भाजलेली जागा बरी होताना आणखी काळी पडते. खाण्याच्या सोड्याचंही हेच. सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोऱ्या होण्याच्या ट्यूबची. ट्यूब घेऊन या, असं मी सांगते आणि बारीक अक्षरं वाचते. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला उजळल्यासारखं वाटतं, मग कातडी आणखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, बंद केलं की लाली आणि जळजळ. डोळ्यांजवळ फार दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकू नयेत असा नियम सरकारनं २०१८ मध्ये केला, तरी ती मिळतात. महिनोन् महिने लावत असाल तर एकदम टाकून न देता त्वचेच्या डॉक्टरांना विचारून सोडवा.

झोपेबद्दल सगळे बोलतात, म्हणून थोडक्यात सांगते. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून सकाळी कामाला जाणाऱ्या मुलींच्या डोळ्यांखाली जो निळेपणा येतो, तो चार-आठ दिवसांच्या नीट झोपेनं जातो. तपकिरी रंग झोपेनं जात नाही. काकडी, गार चमचा, फ्रिजमध्ये ठेवलेली चहाची पिशवी यांनी रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज उतरते, पण काही तासांपुरतीच. लग्नाच्या दिवशी सकाळी दहा मिनिटं जरूर करा. आदल्या रात्री खारट फरसाण टाळा आणि उशी जरा उंच घ्या.

उन्हाचं मात्र कायमचं सांभाळा. उत्तरायणात १४ आणि १५ जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर आकाशाकडे तोंड करून असतं, आणि थंडी आहे म्हणून सनस्क्रीन कुणी लावत नाही. एसपीएफ ३० चं, झिंक ऑक्साइड असलेलं घ्या, ते डोळ्यांत कमी चुरचुरतं. कातडीच्या रंगाची छटा असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइडचं मिळालं तर आणखी चांगलं, कारण नुसत्या उजेडानंही सावळ्या कातडीत रंग चढतो. मोठ्या काचांचा गॉगल लावा.

क्रीमच हवं असेल तर तपकिरी रंगासाठी व्हिटॅमिन सी, किंवा रात्री सौम्य रेटिनॉल, तेही एक दिवसाआड, मुगाच्या दाण्याएवढं, डोळ्याखालच्या हाडाच्या कडेवर. गरोदरपणात रेटिनॉल नको. दोन-तीन महिने वाट पाहिल्याशिवाय बरं-वाईट ठरवू नका. सावलीवर कुठलंच क्रीम चालत नाही. तिथे फिलर, म्हणजे खोलगट जागा भरून काढणारं इंजेक्शन, देतात, पण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर नजर जाण्यापर्यंत धोका आहे, म्हणून ते पार्लरचं काम नव्हे. कुणी पार्लरमध्ये देऊ केलं तर उठून या.

आणि झाकणं ही काही लबाडी नाही, ते माझं आवडतं काम आहे. निळ्यावर थेट गोरा कन्सीलर लावला की राखाडी दिसतो. आधी पीच, जास्त गडद असेल तर नारिंगी करेक्टर, अगदी पातळ, फक्त काळ्या जागेवर, बोटानं थोपटून. मग कातडीच्याच शेडचा कन्सीलर. त्याखाली मॉइश्चरायझर मुरलेलं नसेल तर हळद लागेपर्यंत सगळं भेगाळतं.

काहींना मी सरळ डॉक्टरकडे पाठवते. एकाच डोळ्याखाली काळं किंवा सूज आली असेल, रोज सकाळी दोन्ही डोळे सुजून उठत असाल, किंवा डोळ्यांबरोबर मान आणि काखही जाड, काळी पडली असेल तर. शेवटच्या बाबतीत साखर तपासून घ्या. आणि घरातल्या काकू-आजोबांना काचबिंदूचे थेंब सुरू झाल्यापासून डोळे काळे दिसू लागले असतील, तर लॅटानोप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट या जातीच्या थेंबांनी तसं होतं. थेंब घातल्यावर डोळ्याबाहेर आलेलं औषध लगेच टिपून घ्या आणि पुढच्या भेटीत डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. थेंब मात्र आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.