तुम्ही विचारलंत म्हणून: फौजीच्या दारावर ऐरण कशाला?

आमच्या दाराशेजारी पत्र्याची एक ढाल टांगलेली आहे. पिवळ्या जमिनीवर निळी ऐरण, बस्स. येणारा हमखास विचारतो, "काय सुभेदारसाहेब, जन्म फौजेत गेला आणि दारावर तलवार नाही? ही काय पलटणीची खूण?"

पलटणीची नाही, आयझेनहॉवरची. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरवणारा सरसेनापती, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष. ढाल वाट्याला आली ती डेन्मार्कमुळे. तिथल्या राजाने त्याला 'ऑर्डर ऑफ द एलिफंट' हे तिथलं सर्वोच्च मानाचं पदक दिलं, आणि या मानकऱ्यांच्या कुलचिन्हाच्या ढाली फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यातल्या चर्चमध्ये लावायचा रिवाज आहे. त्या पदकाचा हत्ती फोटोत एकदा बघाच: पांढऱ्या मिन्याचा, पाठीवर अंबारीच्या जागी चक्क बुरूज, आणि मानेवर अंकुश घेतलेला सावळा माहूत! आपल्याकडचा गडी तिकडच्या थंडीत काय करतोय, असं मला दर वेळी वाटतं.

एवढा मोठा सेनापती. तोफा, तलवारी, गरुड, काहीही मागता आलं असतं. ढालीवर आली ऐरण. कारण आडनाव. जर्मनमध्ये 'आयझेन' म्हणजे लोखंड, 'हाउअर' म्हणजे घाव घालणारा. युरोपात अशा ढाली पुष्कळ, चित्र बघितलं की नाव वाचता यावं अशा. आईकडून म्हणाल तर घर युद्धाला पाप मानणाऱ्या पंथाचं. तिचा मुलगा वेस्ट पॉइंटला, अमेरिकेच्या लष्करी अकादमीत गेला, हेच नवल.

आता माझं. आम्ही लोहार. लग्नात आमच्याकडे देवक म्हणून सांडशी आणि हातोडा पुजतात. आजोबा भात्यासमोर बसले, मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, आर्मरर म्हणून रायफली दुरुस्त केल्या. पेन्शनीत आल्यावर ही ढाल पाहिली आणि म्हटलं, हा तर आपल्याच आळीतला!

पेंटरला चित्र दिलं. त्याने ऐरण काळी रंगवून आणली. "साहेब, निळी ऐरण कुणी बघितलीय का?" म्हणाला. त्याचंही खरं होतं. पण मूळ ढालीत सोन्यावर निळाच आहे, म्हणून त्याच्याकडून वर निळा हात मारून घेतला. एकच हात मारला गड्याने. दुपारी ऊन तिरपं पडलं की खालची काळी ऐरण अजून दिसते.