मॉक ड्रिल संपलं, त्यानंतर

बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत मॉक ड्रिल होतं. अतिरेकी आत घुसलेत, कर्मचारी ओलीस, असा प्रसंग. मी न्यायवैद्यकशास्त्राचा डॉक्टर. कारवाईनंतर मृतदेहांचं काय करायचं, यावर दुपारी तासभर बोलायचं, एवढंच माझं काम. जेवणानंतरची वेळ आणि विषय हा. एरवी निम्मा हॉल पेंगतो.

सकाळची कारवाई झकास झाली, टाळ्याही पडल्या. होमगार्डची पोरं ‘मयत’ म्हणून तिसऱ्या मजल्यावर पडली होती. साहेबांचा राउंड यायचा होता, म्हणून कुणीतरी फर्मावलं, “पॅसेज मोकळा करा.” बघता बघता सगळी पोरं तळमजल्यावर ओळीने निजवली गेली. बूट एका ढिगात, मोबाइल-पाकिटं एका गोणीत. एकाच्या मनगटाचं लेबल जिन्यात पडलेलं मला मिळालं. कोण कुठल्या दारापाशी पडला होता, कुशीवर की पालथा, सगळं गेलं. बरं, यात हलगर्जी कुणाचीच नव्हती. उलट फारच टापटीप काम!

दुपारी मी स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि बोगोटाची गोष्ट सांगितली. ६ नोव्हेंबर १९८५. कोलंबियाच्या न्यायप्रासादात एम-१९ या गनिमी संघटनेचे ३५ बंडखोर घुसले. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष रेयेस एचांदिया आतून फोनवर गोळीबार थांबवा म्हणून विनवत होते, रेडिओवर सारा देश ते ऐकत होता. लष्कराने चिलखती गाड्या दारातून आत घातल्या. इमारत पेटली. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं तेव्हा सुमारे शंभर माणसं गेली होती. त्यांत अध्यक्षांसह सर्वोच्च न्यायालयाचे अकरा न्यायमूर्ती.

इथवर हॉल जागा होता. माझा मुद्दा यापुढचा. प्रेतं जागची हलवून खाली आणली गेली, काहींचे कपडे उतरवले, काही धुतली. अनेक सामूहिक खड्ड्यात गेली. त्या इमारतीतल्या उपाहारगृहाच्या कर्मचाऱ्यांचा पत्ताच लागेना. त्यांतले काही जण जिवंत बाहेर पडले होते, लष्कराच्या ताब्यात होते. २०१४ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्याबद्दल सरकारला जबाबदार धरलं. तिथल्या एका वेटरचे अवशेष २०१७ मध्ये ओळखले गेले, तेही एका न्यायाधिकाऱ्याच्या थडग्यात.

“म्हणजे त्या न्यायाधिकाऱ्याच्या घरच्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यालाच फुलं वाहिली?” मागून एक हवालदार. निवृत्तीला आलेला असावा. “आणि इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेतांचा पंचनामा, कुणी केला, सर?”

लष्करी न्यायाधीशांनी, मी म्हटलं. ज्यांच्या गोळ्या, त्यांचाच पंचनामा.

हवालदार क्षणभर गप्प. मग म्हणाला, “पॅसेज मोकळा करा म्हणणारा साहेब सगळीकडेच असतो. त्याला नाही कसं म्हणायचं, ते शिकवा की.”

हा खरा प्रश्न, आणि माझ्या पुस्तकांत त्याचं उत्तर नाही. मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं, अशा पंचनाम्याचं कलम १९४ सांगितलं; हलवायचंच असेल तर आधी फोटो, नंबर आणि जागेची खूण; आणि हुकूम कुणी, किती वाजता दिला ते स्टेशन डायरीत घ्या, म्हटलं.

“घेतो. पण पुढची बदली गडचिरोलीला झाली तर?”

हॉल खदखदून हसला. पुढच्या रांगेतल्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि चहा जाहीर केला. तरी एक झालं, चहानंतर त्यांनीच ते सगळं पुन्हा करायला लावलं. पोरांना वर नेऊन म्हटलं, जिथे पडला होतात तिथे पडा. निम्म्यांना आठवेचना.