विंचवाचे पाय: पुंटो अबार्थ, नवे टायर आणि त्याआधीचा घोळ

ओडोमीटर ३४,२१०.

मागच्या नोंदीत माझ्या सेकंडहँड फियाट पुंटो अबार्थचं (बिल्ल्यावर विंचू, म्हणून मथळ्यात विंचू) कसारा घाटात काय झालं ते लिहिलं होतं. जूनचा पहिला दणका पाऊस, मुंबईहून नाशिकला परत येताना इगतपुरीच्या बाजूला चढत होतो. वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला आणि पुढची चाकं जागेवर फिरली. गाडी थोडी बाहेर गेली, पाय काढला तशी परत आली. शेजारी बायको. ती काहीच बोलली नाही, म्हणजे काय ते समजून घ्या.

१४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर आणि सगळं पुढच्या दोन चाकांवर. अबार्थवाल्यांना हे नवं नाही. मला कोडं वेगळंच पडलं होतं: टायरला नक्षी भरपूर होती. पुढे मधोमध ४ मिलिमीटर, मागे जवळपास ५. कायद्याची किमान मर्यादा १.६, त्यामुळे टायर झिजून गोटा झाला म्हणायची सोय नाही.

मग साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवरचा, तारखेचा शिक्का शोधला. पुढच्या दोन्ही टायरचा तो आतल्या बाजूला होता, म्हणून गाडी घेताना दिसलाच नव्हता. जॅक लावून, मोबाईलचा टॉर्च धरून वाचला: १११६. म्हणजे २०१६ सालचा अकरावा आठवडा. गाडीबरोबर आलेले पहिलेच टायर! आधीच्या मालकानं गाडी फार जपली, म्हणजे पार्किंगमध्ये उभी ठेवली. गाडीला ते मानवलं, रबराला नाही. नखानं दाबलं तर चपलेच्या जुन्या टाचेसारखं लागत होतं, आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. सेकंडहँड गाडी बघायला जाताय ना? किलोमीटर विचारण्याआधी हे चार आकडे वाचा, चारही चाकांवर. आणि स्टेपनीवरही.

इथपर्यंत सरळ होतं. चारही टायर बदलायचे ठरवून टाकले असते, पण तेवढ्यात हात पुढच्या डाव्या टायरवरून आडवा फिरवला. एका बाजूनं गुळगुळीत, उलट बाजूनं करवतीसारखा. आतली कड तर मर्यादेच्याही खाली गेलेली. हा म्हातारपणाचा दोष नव्हे, चाकं वाकडी घासत चालल्याची खूण.

म्हणून आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. दुकानाचं नाव लिहीत नाही. पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले, छापील कागद हातात पडला, पैसे दिले. घरी येताना द्वारकेच्या सिग्नलला जरा जोरात ब्रेक लावला, तर स्टिअरिंग डावीकडे ओढलं. परत गेलो. परत हिरवं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथला पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच वाकडा आहे.

शेवटी अंबडला नेहमीच्या मामांकडे गेलो. त्यांनी कागद बघितलाच नाही. गाडी वर घेतली, लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा दांडा) पहार टेकवली आणि दाबली. मागचा बुश (आर्म गाडीला जोडतो तिथली रबरी गादी) बोटभर सरकला, रबर फाटून लोंबत होतं. "भाऊ, मशीन उभ्या गाडीचं सांगतं," मामा म्हणाले, "ब्रेक मारल्यावर चाक कुठं जातं ते त्याला काय ठाऊक?"

तीन फेऱ्यांचे पैसे आणि एक रविवार गेला तो या एका वाक्यासाठी. गाडी उभी असते तेव्हा चाक सरळ असतं. ब्रेक लागला की फाटक्या बुशामुळे आर्म मागे सरकतो, टो (वरून बघताना चाक आत-बाहेर किती वळलंय ते) बदलतो आणि आतली कड घासते. आपल्या गाडीत पुढचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) जुळवायची सोयही नाही, जे काय करायचं ते टोमध्येच. त्यामुळे बुश ढिला असेल तर अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर तराजू ठेवण्यासारखं. नुसते बुश दाबून बसवण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे अख्खे आर्मच बदलले. नवे टायर या आर्मवर चढवले असते, तर त्यांचीही आतली कड तशीच गेली असती.

आता साइज. कंपनीची १९५/५५ आर १६: रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. एलिट आय-ट्वेंटीच्या वरच्या मॉडेललाही हीच साइज येते, त्यामुळे दुकानात टायर मिळतो. मात्र दुकानदार पहिला काढतो तो मायलेजवाला. २०५/५५ चा मोह मला बरेच दिवस होता. हिशोब केला: मूळ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, २०५/५५ चा ६३२. गाडी पाचेक मिलिमीटर उचलली जाते, जे नाशिकच्या स्पीडब्रेकरांसाठी वाईट नाही. पण दर चाकाला टायर जड होतो, गिअरिंग किंचित लांबतं म्हणजे ओढ जरा कमी होते, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून खड्ड्यात गेल्यावर चाकावरच्या आतल्या लायनरला (अस्तराला) घासायची धास्ती वेगळी. उलट २०५/५० घेतला तर व्यास ६११, गाडी तेवढीच खाली बसते. सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या अर्धं शहर खोदलेलं असताना हा शहाणपणा नाही. मूळ साइजवरच थांबलो.

एका दुकानात अलॉयच बदला म्हणून गळ पडली. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण फियाटचं पीसीडी (बोल्ट किती आणि ते किती मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर ते) ४ बाय ९८ आणि ती चाकं ४ बाय १००. "दोन एमएमचा फरक आहे साहेब, बोल्ट आवळले की बसतं." बसतं, हो. तिरपं बसतं, आणि मग बोल्ट तुटेपर्यंत कळत नाही. आपले विंचूवाले अलॉय बरे.

ब्रँडवरून घरात आणि मित्रांत बरंच झालं. सातपूरला सिएटचा कारखाना, म्हणून गावचा टायर घे असं दोघांचं मत. गंमत बघा, सिएट मूळची इटलीतल्या तोरिनोची, आणि फियाटही. दोन्ही नावांतला शेवटचा 'टी' तोरिनोचाच. जोडी जमली असती. पण मला हव्या त्या पॅटर्नमध्ये त्या आठवड्यात ताजा माल मिळाला तो योकोहामा ब्ल्यूअर्थ जीटीचा, ८७ व्ही. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत. चारही टायर एकाच महिन्यातले, शिक्के वाचूनच गाडीतून उतरवून घेतले. हा शुद्ध स्पोर्ट टायर नाही हे मान्य. माझी गाडी वर्षातले चार महिने ओल्या रस्त्यावर धावते, त्यामुळे पाण्यातली पकड आधी.

ओडोमीटर ३८,३०५.

चार हजार किलोमीटर झाले. त्र्यंबकहून मोखाड्याकडे तोरंगण घाटात ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरचा तोच प्रयोग मुद्दाम केला. चाकं अजूनही फिरतात, पण आता आधी सांगून फिरतात. स्टिअरिंग हलकं होतं, मग पाय आवरायला वेळ मिळतो. जुन्या टायरवर तो वेळच नव्हता. सुकलेल्या रस्त्यावर साइडवॉल थोडी मऊ वाटते, पहिल्या वळणाला गाडी क्षणभर विचार करते. आवाज निम्म्यावर आला.

हवेचं म्हणाल तर सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजनं: पुढे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे ३१. पाच-साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय असं गणित धरा. डिसेंबरात पहाटे ९ आणि दुपारी २९ अंश असले, तर त्यातच साडेतीन-चार पीएसआय गेले. दुपारी तापल्या टायरवर पंपावर भरून घेतलेली हवा सकाळी म्हणूनच कमी निघते. समृद्धीवर चढायचं असेल तर आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी बघतो. सिमेंटचा रस्ता आणि सलग १२० म्हटल्यावर कमी हवेचा टायर फार तापतो.

एक कुरकुर राहिली होती. ९५ च्या आसपास स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर. परत आर्म? पोटात गोळा आला. काल चाकं धुताना उजव्या पुढच्या रिमच्या आत चिकटपट्टीचा चौकोनी डाग दिसला, चाकाचा तोल साधायला चिकटवलेलं वजन मात्र नाही. दहा ग्रॅमचा तुकडा कुठेतरी गंगापूर रोडला पडला असणार. शनिवारी बॅलन्सिंगला जातोय, आणि यावेळी पट्टी चिकटवायच्या आधी रिम मीच पेट्रोलनं पुसून देणार आहे.