अजून अकरा उरलेत

मित्राने आधी टेबलावरचा चहाचा डाग पुसला, त्यावर रुमाल पसरला आणि मग खिशातून रोलचा कॅमेरा काढून ठेवला. काँटॅक्स टी-टू.

"केवढ्याला?"

"नव्वद."

नव्वदच्या पुढे हजार असतात हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. तेही वापरलेला!

वस्तू देखणी, यात वाद नाही. टायटॅनियमचं अंग हाताला गार लागतं. शटरचं बटणसुद्धा कृत्रिम नीलमाचं. (राशीला लाभतो का, हे विचारायचं मी टाळलं.) कार्ल झाइसची ३८ मिलिमीटरची लेन्सही अव्वल. पण कॅमेरा १९९०चा, त्याच्या पोटात सगळं इलेक्ट्रॉनिक्स, आणि तो बनवणाऱ्या क्योसेराने २००५मध्ये काँटॅक्स बंदच केला. उद्या आतलं सर्किट गेलं तर सुटा भाग दुसऱ्या मेलेल्या टी-टूतूनच काढायचा. त्यापेक्षा पेंटॅक्सचा के-१००० घ्यावा. अवजड, रांगडा, पण सेल फक्त प्रकाश मोजायला लागतो. सेल संपला तरी शटर पडतं, आणि बिघडला तर उघडून बसणारा कारागीर अजून सापडतो. पैसे मोजायचेच तर मी तिथे मोजेन.

आमच्याकडे कोडॅकचा केबी-१० होता. प्लॅस्टिकचा, फोकस वगैरे भानगड नाही. लग्नाला, सहलीला निघायचा. परत आल्यावर आकडा दिसायचा, दोन-तीन उरलेत. मग "रोल संपवायला हवा" म्हणून आईला ओट्यापाशी उभं करायचं, कधी गोदरेजच्या कपाटापुढे आजीला. आजी पदर सारखा करेपर्यंत खट्ट! मग रोल धुवायला टाकायचा. सहलीतले धबधबे आता कुणी बघत नाही. ओट्यापाशी कणकेच्या हातांनी उभी असलेली आई मात्र अजून अल्बमात पहिल्या पानावर आहे.

"यातला रोल कधीचा?" मी विचारलं.

"गणपतीतला. अजून अकरा उरलेत." होळी चार दिवसांवर आली होती. "रोल, धुलाई, स्कॅनिंग धरून हजार-दीड हजार जातात रे. उगाच कशावर दाबायचं?"

तेवढ्यात वहिनी आतून पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. केसांचा अंबाडा सुटलेला, कानामागे कढीपत्त्याचं पान अडकलेलं. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

त्याने खिडकीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि कॅमेरा रुमालात गुंडाळला.

"उजेड नाहीये," म्हणाला.