भुरीचं मागे राहिलेलं पिल्लू: २१ दिवसांची नोंद

आमची भुरी कोंबडी २० डिसेंबरला खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली. खाली ११ अंडी ठेवली, सगळी घरच्या गावरान कोंबड्यांची. आठव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर पाहिली तर दोन वांझ निघाली, ती काढून टाकली. १० जानेवारीला दुपारी पहिली चोच दिसली आणि ११ च्या संध्याकाळपर्यंत ८ पिल्लं भुरीच्या पंखांखालून डोकं बाहेर काढू लागली. उरलेल्या एका अंड्याला बारीकसं भोक पडलं होतं. मी ते तसंच तिच्या खाली राहू दिलं.

ही नोंद त्या उरलेल्या अंड्याची आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असं एखादं पिल्लू मागे राहतं, आणि पहिल्या दोन तासांत आपण काय करतो यावरच त्याचं पुढचं ठरतं, असं माझं मत झालंय.

१२ जानेवारी

सकाळी साडेसहाला खुराड्यात गेले तर भुरी आठही पिल्लांना घेऊन बाहेर आलेली. यात तिचं काही चुकलं नाही. पिल्लं पायावर उभी राहिली की कोंबडी किती वेळ बसून राहणार? पण भोरच्या बाजूला जानेवारीत पहाटे हात आखडतात, आणि अंडं हाताला थंडगार लागलं. कानाशी धरलं तेव्हा आतून अगदी बारीक चिवचिव आली.

मागच्या वर्षी अशाच एका गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात मी ड्रॉपरने पाणी सोडलं होतं. पाणी श्वासनलिकेत गेलं आणि ते माझ्या हातातच गेलं. त्यामुळे या वेळी हात आवरले. आईनेही चुलीपासून हाक मारून सांगितलं, "आधी ऊब दे गं, तोंडात काही घालू नकोस." गारठलेल्या पिल्लाला पचवताही येत नाही आणि नीट गिळताही येत नाही. अंड्यातला बलक बाहेर येण्याआधी पोटात ओढला जातो, त्यावर ते दोन दिवस सहज तग धरतं. म्हणजे भूक थांबू शकते, थंडी थांबत नाही.

मिक्सरचा रिकामा खोका घेतला, त्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली आणि शेजारी अंडं. वरचा पापुद्रा वाळून कागदासारखा पिल्लाला चिकटला होता. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने तेवढाच भाग ओलसर केला. टॉर्च धरल्यावर पापुद्र्यात लाल शिरा दिसल्या, म्हणून कवच सोलायचा मोह टाळला. शिरांत रक्त असताना सोललं तर रक्तस्राव होतो, शिवाय बलक पूर्ण आत गेलेला नसतो. दर अर्ध्या तासाने कापूस, बस्स. दुपारी दोनपर्यंत शिरा फिक्या पडल्या. मग भोकाच्या कडेचं कवच नखाने थोडं थोडं उचललं आणि चारच्या सुमारास बाकीचं त्यानेच ढकललं.

वजन २७ ग्रॅम. भावंडं ३०-३१ ची. मान टाकलेली, डोळे मिटलेले, पण बेंबी कोरडी आणि बंद. बेंबी ओली किंवा फुगलेली असती आणि वास येत असता तर मी इतकी आशा धरली नसती.

संध्याकाळी बल्ब लावला. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. तारेचा पिवळा बल्बच लागतो, आणि तो आता सहज मिळत नाही. मागच्या महिन्यात तालुक्याच्या बाजारात तीन दुकानं फिरून ६० वॅटचे दोन आणून ठेवले होते, ते कामाला आले. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश तापमान ठेवलं. खोक्याचा अर्धा भाग मुद्दाम बल्बपासून लांब ठेवला, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा राहते.

अंगावरची लव वाळून फुलल्यावर, रात्री आठला, गुळाच्या कोमट पाण्याचा एक थेंब चोचीच्या कडेला टेकवला. तोंडात नाही, कडेला. चोच दोनदा हलली. दहा मिनिटांनी आणखी एक थेंब.

१३ जानेवारी, भोगी

पिल्लू जिवंत आहे. २६ ग्रॅम.

पण दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेत, पोटावर होडीसारखं सरपटतंय. माझी चूक: खोक्यात वर्तमानपत्र घातलं होतं. गुळगुळीत कागदावर अशक्त पिल्लाचे पाय घसरतात आणि सांधे तसेच वळायला लागतात. कागद काढून कपाटाच्या फळीवर घालतात ती जाळीदार रबरी चटई घातली. जखमेला लावायची चिकटपट्टी उभी अर्धी कापली, तिचा मऊ भाग मध्ये येईल अशी दोन्ही पायांना बेडीसारखी गुंडाळली. दोन पायांत अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे पाय बरोबर अंगाखाली येतात. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायला हवं. हाडं कोवळी असतात म्हणून वळतात. आठवडा गेला की फारसा उपयोग होत नाही.

पट्टी बांधल्यावर ते दोनदा तोंडावर पडलं. मग चहाच्या कपात मऊ फडकं घालून त्यात बसवलं, पाय आपोआप खाली राहिले. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापता थापता आई दर पाच मिनिटांनी येऊन कपात डोकावत होती.

१४ जानेवारी, संक्रांत

२५ ग्रॅम. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, आतला बलक संपत असतो. तरी काट्यावरचा आकडा बघून पोटात गोळा आला.

दुपारी शीची जागा चिकटून बंद झालेली दिसली. आपल्याकडची कितीतरी पिल्लं यामुळेच जातात आणि आपण म्हणतो, "काय झालं कळलंच नाही." वाळलेली शी ओढून काढायची नाही, कातडी फाटते. कोमट पाण्याने कापूस भिजवून ती सुटेपर्यंत धरून ठेवली, मग पुसली, बल्बखाली पूर्ण वाळवली आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. बेंबी पुढे, पोटाकडे असते. तिला खपली समजून खरवडू नका.

उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर चुरून समोर धरला. खाल्ला नाही. चोचीच्या कडेला लावला तेव्हा चाटल्यासारखं केलं.

१५ जानेवारी

आज वळण आलं, ते औषधाने नाही, सोबतीने. पिल्लू एकसारखं टीं-टीं करत होतं. पोट थोडं भरलेलं, ऊब बरोबर, तरी ओरडणं थांबेना. अंधार पडल्यावर भुरीच्या पंखाखालून एक काळसर, शांत पिल्लू उचलून आणलं आणि शेजारी ठेवलं. दोन मिनिटांत आवाज बंद. एक दुसऱ्याच्या मानेखाली शिरून झोपलं.

काळसराने ओल्या केलेल्या स्टार्टरवर, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्यावर, चोच मारली की हे बघायचं. मी बोटाने ताटलीवर टकटक केली, कोंबडी दाणा दाखवताना करते तसं. रात्री नऊला आमच्या पिल्लाने पहिला दाणा स्वतः टिपला.

१६ जानेवारी

पहाटे दोनला लाइट गेली. गरम पाण्याच्या दोन बाटल्या, वर आईची घोंगडी. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बाटली निवली की ती उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते. म्हणून दर तासाला उठून पाणी बदललं. साडेपाचला लाइट आली.

२७ ग्रॅम. पहिल्यांदा आकडा वर गेला.

१८ जानेवारी

पट्टी रोज सोडून नवी बांधत होते, आज बांधलीच नाही. पिल्लू उभं राहिलं, तीन पावलं टाकली, चौथ्याला बसलं. डाव्या पायाचं एक बोट किंचित बाहेर वळलंय. ३१ ग्रॅम.

काल भुरीच्या सात पिल्लांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस दिली, डोळ्यात एकेक थेंब. मानमोडी एकदा शिरली की खुराडं रिकामं करते, त्यामुळे ही लस मी चुकवत नाही. कुपी किमान १०० पिल्लांची येते आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून वाडीतली चार घरं मिळून आणतो. खोक्यातल्या दोघांना मात्र दिली नाही. लस धडधाकट पक्ष्यालाच द्यायची. आणि काळसराला देऊन त्याच्याच कुशीत या अशक्ताला झोपवणं मला बरं वाटलं नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, त्यांनीही थांबा म्हटलं.

२१ जानेवारी

रात्री दोघांनाही भुरीखाली सरकवलं. पहाटे उजाडायच्या आधी जाऊन बसले. काळसराला तिने घेतलं. आमचं पिल्लू पुढे आलं तर तिने डोक्यात टोच मारली, मग दुसरी. लगेच उचललं. टाळूवर रक्ताचा ठिपका होता, हळद लावली आणि परत खोक्यात. एकटं ठेवायची हिंमत झाली नाही, म्हणून संध्याकाळी काळसरालाही परत आणलं. त्याला आईपासून तोडलं याचं वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग सुचला नाही.

२४ जानेवारी

४७ ग्रॅम. वाडीत दुसरी कुपी उघडली होती, तेव्हा दोघांनाही लासोटा दिली. तापमान ३२ वर आणलंय. आता थर्मामीटरपेक्षा मी त्यांच्याकडेच बघते: बल्बखाली गोळा झाली की थंडी वाजतेय, कोपऱ्यात चोच उघडून बसली की उकडतंय, पसरून झोपली की ठीक.

२ फेब्रुवारी

बाहेर येऊन २१ दिवस झाले. वजन ८८ ग्रॅम, काळसर १२१. फरक आहे आणि बहुधा राहील. पंखांवर पिसं फुटलीत, शेपटीला टोक आलंय. वळलेलं बोट तसंच आहे, पण धावताना अडत नाही.

आता पुढचे तीन आठवडे माझं लक्ष शीकडे असणार. रक्ती हगवण याच वयात गाठते आणि ती ओल्या तुसातून वाढते. म्हणून भाताचं तूस रोज हलवतेय, पाण्याचं भांडं विटेवर उचलून ठेवलंय. शीत लाल दिसलं तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, हे ठरलेलं आहे.

आज दुपारी पहिल्यांदा दोघांना उन्हात डालग्याखाली ठेवलं. भुरी बाहेरून दोन फेऱ्या मारून गेली. आमच्या पिल्लाने एक मुंगी टिपली, आणि काळसर ती हिसकावायला धावला तेव्हा तोंडात धरून डालग्याच्या दुसऱ्या टोकाला पळालं.