माघातलं ग्रीस

दादरीची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं दुधातून चिकात आली, हरभऱ्याचे घाटे भरले, गव्हाच्या ओंब्यांवरचा हिरवा उतरू लागला, की आमच्याकडे लोकांचं लक्ष रानावरून शेडकडे वळतं. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते आणि काढणीला अजून अवकाश असतो. माघातले हे दिवस माणसांना निवांत आणि यंत्रांना कामाचे. गावातून फेरी मारली तर कुठल्या ना कुठल्या वाड्यासमोर कुणीतरी थ्रेशरखाली उताणं पडलेलं दिसतं. बाहेर फक्त पाय. पायांवरून माणूस ओळखायचा आणि रामराम घालायचा. आतून उत्तर येतं, बहुतेक वेळा पाना मागणारं.

मला विचाराल तर काढणीपेक्षा हेच दिवस बरे. काढणीत मजुरांची ओढाताण, भावाची धाकधूक, आणि फाल्गुनात आभाळ भरून आलं की गारपिटीच्या भीतीने झोप उडते. माघात हातात पाना असतो, पुढ्यात चहा असतो, आणि सल्ला द्यायला रिकामे लोक भरपूर असतात.

यंत्र चालून झिजतं असं म्हणतात. झिजत असेल, पण त्याची खरी वाट उभ्याउभ्या लागते. शेवटचा गहू निघाला की दमलेला माणूस मशीन आहे तसं शेडला लोटून मोकळा होतो. आत मूठभर दाणे, कोपऱ्यांत भुसा. मग मे येतो. जळगाव-भुसावळकडचा मे पारा ४५ अंशांपर्यंत नेतो. त्यात पुलीवर ताणून ठेवलेला रबरी पट्टा कडक होतो, आतून बारीक बारीक चिरा पडतात. पट्टे काढून सावलीत टांगणं हे पाच मिनिटांचं काम, पण ती पाच मिनिटं गावात फार थोड्यांकडे असतात. पुढे पावसाळ्यात भुसा ओल धरतो आणि त्याच्याखालचा पत्रा गुपचूप गंजतो. दाण्यांच्या वासाने उंदीर येतात ते वेगळेच. पंख्याचं कव्हर उघडलं की आत हमखास घर सापडतं. यंदाच्या घरात गोणपाटाचे धागे होते, कुणाच्या तरी वहीचं पान होतं, आणि मधोमध कापूस, सरकी काढून घेतलेला, पिंजल्यासारखा मऊ. आमच्या कापसाला एवढी चांगली प्रत व्यापाऱ्याने कधी लावली नाही.

साफसफाई झाली की ग्रीस. पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण असायचं. आता निप्पल, म्हणजे ग्रीस आत जायचं टोक, पुसायची, ग्रीसगन लावायची आणि दाबायची. आधी काहीच होत नाही. मग बेअरिंगच्या कडेने जुनं ग्रीस बाहेर येऊ लागतं, काळंकुट्ट, मातीची कचकच असलेलं. दाबत राहिलं की ते तपकिरी होतं, आणि शेवटी स्वच्छ नवं ग्रीस वेटोळं घेत डोकावतं. तिथे थांबायचं. काही उत्साही मंडळी थांबत नाहीत. मग सील फुटतं, आणि बाहेर सांडलेल्या ग्रीसवर सगळ्या हंगामाची धूळ बसते. निप्पल न पुसता ग्रीस भरणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. ते पैसे देऊन बेअरिंगमध्ये माती भरतात.

बेअरिंगवरून आठवलं. गावातला एक पोरगा शाळेत पाढ्यांना कायम दांडी मारायचा. आज तो स्पेअर पार्टच्या दुकानात आहे. ६२०६ नंबरचं बेअरिंग म्हटलं की तो क्षणात सांगतो, शाफ्ट ३० मिलिमीटरचा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं: ०५ ला २५, ०६ ला ३०, ०७ ला ३५. पाचचा पाढा त्याला आता झोपेतही येतो. माघात त्याच्याकडे सगळा माल असतो आणि बोलायला वेळही असतो. फाल्गुनात तोच माणूस मान वर करत नाही.

पट्ट्यांच्या बाबतीत तो मला कधीच एक नग विकत नाही. मोठ्या पुलीवर तीन पट्टे शेजारी शेजारी असतात. एक तुटला म्हणून एकच नवा टाकला, तर नवा तेवढा ताठ असतो आणि जुने दोन ढिले. सगळा भार नव्यावर पडतो आणि तोच आधी जातो. दोन म्हाताऱ्या सालदारांत एक तरणा ठेवला की ते दोघं बिडी शिलगावून बांधावर बसतात, तसला प्रकार. बदलायचे तर तिन्ही बदलायचे. यात दुकानाचाही फायदा आहे हे मला कळतं, पण गोष्ट खरी आहे.

मग ट्रॅक्टर जोडून मोकळं मशीन फिरवून बघायचं. या वेळी आमचे मिस्तरी काहीही करत नाहीत. पीटीओ, म्हणजे मशीन फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आला की ते जर्दा मळत लांब उभे राहतात. मी काही विचारायला गेलो की हात वर करून अडवतात. "जिभाऊ, आयका. मशीन बोली ऱ्हायनं." मला नुसता खडखडाट ऐकू येतो. त्यांना त्यात डावीकडचा सैल बोल्ट, ड्रमची हललेली मोगरी आणि पंख्याची वाकलेली पाती वेगवेगळी ऐकू येतात. मशीन बंद केल्यावर ते सरळ त्या जागी जाऊन पाना लावतात, आणि बोल्ट खरंच सैल निघतो. याची मजुरी ते ग्रीस भरण्यापेक्षा कमी घेतात. हे मला अजून पटलेलं नाही.

पीक बदललं की चाळणी बदलायची आणि ड्रमचा वेगही. गव्हाच्या वेगावर हरभरा घातला तर आपण शेतकरी राहत नाही, डाळमिलवाले होतो.

एका बाबतीत मात्र मी गावात भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. मशीनमध्ये पेंढी सारायचं जे तोंड असतं, त्यावरचं झाकण काम लवकर उरकावं म्हणून लोक काढून टाकतात. मळणी यंत्रांनी इतके हात खाल्ले की अशा धोकादायक यंत्रांसाठी १९८३ साली देशाला वेगळा कायदा करावा लागला. कायदा दिल्लीत आहे, झाकण उकिरड्यावर आहे. माझ्या खळ्यात झाकणाशिवाय मशीन चालू होत नाही, आणि गळ्यात उपरणं असलेल्या माणसाला पेंढी सारायला मिळत नाही.

गव्हाला आता पंजाब-हरियाणाची हार्वेस्टर येतात. ज्याच्या दावणीला गुरं नाहीत तो सुखाने नंबर लावतो. गुरंवाल्याला भुसा लागतो, तो थ्रेशरच धरून बसतो. दादरीला अजून विळाच. तिचा कडबा दुधाच्या धंद्याला सोन्यासारखा, तो तुडवून कसं चालेल? लोहाराच्या भात्याला आता विजेचा पंखा आहे, पण धार तपासायची रीत जुनीच. मजुरांतली मुकादमीण विळा उचलते, अंगठ्याच्या पोटावरून पातं आडवं नेते आणि काही न बोलता खाली ठेवते. मग पिशवीतून स्वतःचा काढते, मूठ झिजून तिच्या हाताएवढी झालेला. माझे विळे शेवटी घरी भाजीवाल्या वाफ्यात कामाला येतात.

सगळं झालं की पट्ट्यांचा एक जास्तीचा संच मी कोठीत, दाराच्या मागे टांगतो. बाहेर टांगला की साऱ्या गल्लीला दिसतो. तरी उपयोग नाही. फाल्गुनात, ऐन दुपारी, कुणाचा तरी पोरगा मोटारसायकल तशीच चालू ठेवून दारात उभा राहतो: "काका, बाबांनी पट्टा मागितलाय." कुठला पट्टा, हे विचारायची सोयच नसते, त्याला दाराच्या मागचं माहीत असतं. काढून द्यावाच लागतो. खळ्यावर त्यांची दादर पडलेली असते, वर आभाळ असतं, आणि आमच्या ट्रॉलीचा जॅक गेल्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, त्यांच्याचकडे असतो.