उंचीच्या रकान्यात नुसता आकडा नको, रेघ हवी

प्रगतीपत्रकात उंची आणि वजनाचा रकाना असतो ना, तो बहुतेक ठिकाणी कसा भरला जातो हे शिक्षकांना माहितीच आहे. वर्षातनं दोनदा पोरांना रांगेत उभं करायचं, भिंतीवरच्या खुणा बघायच्या, आकडा टाकायचा आणि पान उलटायचं. त्या आकड्याकडे पोरगं बघत नाही, पालक बघत नाहीत. बघितलंच तर एवढंच की शेजारची मुलगी आपल्या मुलीपेक्षा उंच आहे का. मला या रकान्याचं फार वाईट वाटतं, कारण वाढत्या वयातल्या पोराबद्दल शाळेकडे एवढी थेट माहिती दुसरी कुठलीच नसते.

मी सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवते. आमच्याकडे हे काम आता फोटोवरनं चालतं आणि मोजतात पोरंच. लागतं काय, तर एक मोबाईल, एक ट्रायपॉड, सेंटिमीटरच्या ठळक खुणा केलेली लाकडी पट्टी आणि एक ओळंबा. ओळंबा गवंडीकाम करणाऱ्या पालकाकडनं सहज मिळतो, पट्टी सरळ उभी आहे का ते ओळंब्याने बघायचं. पोरगं अनवाणी, टाचा जुळवून, नजर समोर. मुलींची वेणी वर बांधलेली नको, नाहीतर केसच मोजले जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टी भिंतीला चिकटवायची नाही, पोराच्या शेजारी, त्याच्या घोट्याच्या रेषेत उभी करायची. हे का ते पोरांनाच काढायला लावा, समरूप त्रिकोणाचं याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. कॅमेरा पोरापासून ३ मीटरवर आहे आणि पट्टी पोराच्या १५ सेंमी मागे भिंतीवर आहे असं धरा, तर पट्टी ३.१५ मीटरवर गेली, म्हणजे ती प्रमाणात लहान दिसणार आणि १३५ सेंमीचं पोरगं मोजताना १४१.७५ भरणार. जवळपास ७ सेंमीची खोटी वाढ, म्हणजे एरवीच्या एका वर्षाच्या वाढीपेक्षाही जास्त! म्हणून पट्टी आणि पोरगं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर. कॅमेरा साधारण पोटाच्या उंचीवर, जमेल तेवढा लांब, आणि वाइड अँगलची लेन्स अजिबात नको, ती कडेच्या गोष्टी ताणते आणि आपल्याला हवी असलेली टाळू नि टाच नेमकी कडेलाच असतात.

मग फोटो कॉम्प्युटरवर. इमेज-जे नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेलं, शास्त्रज्ञ मायक्रोस्कोपखालचे फोटो मोजायला वापरतात तेच, आणि शाळेतल्या जुन्या मशीनवरही चालतं. पट्टीवर १०० सेंमीची रेघ ओढायची, ती समजा १६४० पिक्सेल आली. पोराची टाच ते टाळू २२१४ पिक्सेल. २२१४ भागिले १६४० गुणिले १००, झाले १३५ सेंमी. किती पिक्सेल म्हणजे किती सेंटिमीटर हे सॉफ्टवेअरला ‘सेट स्केल’मध्ये सांगितलं की ते स्वतःच सेंटिमीटर देतं, पण पहिल्यांदा वहीतच करून घ्यायचं, कारण गुणोत्तर-प्रमाणाचा धडा आपल्या स्वतःच्या अंगावर आला की तो वेगळाच समजतो.

आकडे गुगल शीटमध्ये, आडव्या अक्षावर वय, उभ्यावर उंची. आणि इथे खरी मजा सुरू होते कारण दर महिन्याला मोजलं तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो, "बाई, माझी उंची कमी कशी झाली?" हा प्रश्न येतोच येतो. मला हा प्रश्न फार आवडतो. उंची कमी झालेली नसते, पण कधी कधी खरंच थोडी झालेलीही असते! सकाळी उठल्यावर माणूस जेवढा असतो त्यापेक्षा संध्याकाळी साधारण सेंटिमीटरभर बुटका होतो, मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात म्हणून. त्यामुळे मोजायचं तर नेहमी एकाच वेळी, आमच्याकडे परिपाठ झाल्या झाल्या. त्यात उभं राहण्याची ढब, केस, पट्टीवर रेघ ओढणाऱ्याचा हात. पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरएवढा असला म्हणून मोजमाप अर्ध्या मिलिमीटरचं होत नाही, चूक सेंटिमीटरभर असू शकते आणि या वयाचं पोरगं महिन्याला वाढतं अर्धा सेंटिमीटर. मग महिन्या-महिन्याचा फरक काय सांगणार? म्हणून एकच फोटो तीन जणांनी मोजायचा, सरासरी घ्यायची आणि दोन फोटोंमध्ये निदान तीन महिने जाऊ द्यायचे. मोजमापातली चूक हा पाठ्यपुस्तकात कोरडा वाटणारा विषय असा समजतो, कारण पणाला स्वतःची उंची असते.

असा आलेख पहिल्यांदा शक्य झाला तो १८व्या शतकातल्या एका फ्रेंच बापामुळे. माँबेयार त्याचं नाव. १७५९ ला मुलगा जन्मला तेव्हापासून १७७७ पर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी, त्याने मुलाची उंची मोजून ठेवली आणि त्याचा मित्र बुफाँ, तो मोठा निसर्गशास्त्रज्ञ, त्याने ती छापली. त्या नोंदी मेट्रिक मापात आणून आलेखावर चढल्या मात्र १९२७ साली. एकाच मुलाच्या अठरा वर्षांच्या नोंदी आजही वाढीच्या शास्त्रात दाखवतात, कारण त्यात किशोरवयातली उसळी स्पष्ट दिसते.

ती उसळीच तर सहावी-सातवीत आमच्यासमोर बसलेली असते. लहानपणी वर्षाला ५-६ सेंमी वाढणारं पोरगं या काळात वर्षाला ८-९ सेंमी वाढतं, मुलींचं हे शिखर साधारण ११-१२ व्या वर्षी येतं, मुलांचं दोनेक वर्षं उशिरा. त्यामुळे सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे खट्टू असं चित्र असतं. कुणी "बुटक्या" म्हटलेलं एखाद्याच्या मनाला किती लागतं ते शिक्षकाला दिसतं. दुसरा आलेख इथे कामाला येतो, उंचीचा नाही तर वाढीच्या वेगाचा, वर्षाला किती सेंमी. त्यात त्या मुलाला दिसतं की त्याची उसळी अजून सुरूच झालेली नाही, मागे पडलोय असं नाही तर वेळ यायचीय. वर्गाचा एकत्र, नावांसकट आलेख मी कधीच भिंतीवर लावत नाही. प्रत्येकाची शीट प्रत्येकाची. तुलना करायची तर स्वतःच्याच मागच्या टिंबाशी.

फोटोचा आणखी एक फायदा टेपला कधीच येणार नाही. टेपने जे मोजलं तेवढंच राहतं. फोटोत मोजायचं राहिलेलंही सगळं असतं. मुलांनी पुढे विचारलं की पाय जास्त वाढतात की धड, तर जुने फोटो उघडायचे आणि कमरेपासून टाचेपर्यंत रेघ ओढायची. उसळीत आधी पावलं, मग पाय लांबतात, धड मागनं येतं, गणवेशाची पँट आधी आखूड होते नि शर्ट नंतर, हे प्रत्येक आईला माहिती आहे, आता पोरांना ते स्वतःच्या आकड्यांत दिसतं. डोकं आणि उंचीचं गुणोत्तरही बघा, नवजात बाळात डोकं उंचीच्या पावपट असतं, मोठ्या माणसात सातवा-आठवा हिस्सा.

फोटोंबद्दल मात्र मी फार कडक आहे. पालकांची लेखी परवानगी, पूर्ण गणवेशात, चेहरा झाकून किंवा पाठमोरं, आणि ज्याला नको त्याला टेप आहेच, कारण विचारायचं नाही. या वयात मुलींना आपल्या अंगाचं अवघडलेपण असतं, त्यांचे फोटो मुलींनीच काढायचे आणि मुलींनीच मोजायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही फोटो नाही. फाइलला नाव नाही, नुसता क्रमांक. वर्ष संपलं की आकडे राहतात, फोटो पालकांना देऊन आमच्याकडचे पुसतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

आणि कुणाची रेघ वर्षभर जवळजवळ आडवीच राहिली, उसळीआधीच्या वयात ४ सेंमीपेक्षा कमी वाढ दिसली, तर ती शीट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा डॉक्टरांसमोर ठेवायची. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, ५ ते १८ वयाचे २०१५ चे तक्ते आहेत, ते डॉक्टर वाचतील. आपण निदान करायचं नाही, पालकांना घाबरवायचं नाही, फक्त रेघ दाखवायची. एका आकड्यावरनं डॉक्टरही फारसं सांगू शकत नाहीत, चार-पाच टिंबं असली की बोलणं पुढे सरकतं.

येत्या जूनला हात पसरून फोटो काढायचे ठरवलंय, दोन्ही हातांची पसर आणि उंची यांचं गुणोत्तर कसं बदलतं ते सातवीच्या मुली मोजणार आहेत. कुणाला शीटचा नमुना हवा असेल तर खाली सांगा, मराठी रकान्यांचीच आहे.